गाडी उभी आहे म्हणजे ड्रायव्हर झोपलाय, असं नसतं

दिल्लीची लाइन सोडून मी चाकण–न्हावा शेवा धरली, तेव्हा घरचे, भावकीतले, सासुरवाडीचे, सगळे एकच बोलले: बरं झालं, आता झोप तरी होईल. त्यांचंही चुकत नाही. आष्टी तालुक्यात बसून हिशोब केला तर दिल्ली म्हणजे तेराशे किलोमीटर आणि चाकण ते बंदर म्हणजे शंभर-सव्वाशे. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचावा, संध्याकाळी माघारी फिरावा, रात्री पाय पसरून झोपावा. एसटीचे ड्रायव्हर करतातच की.

पण खरं सांगायचं तर दिल्ली लाइनला मी जास्त झोपायचो.

हे कुणाला पटत नाही. बायकोलाही बरेच दिवस पटलं नव्हतं. तिला वाटायचं, पनवेलकडे आल्यापासून ह्यांचे काहीतरी वेगळेच उद्योग चालू आहेत. म्हणून एकदा नीट लिहून काढतो. लेकीनं ब्लॉग काढून दिलाय, त्यावर आतापर्यंत ढाब्यांवर लिहिलं, टायरवर लिहिलं. हा विषय जरा अवघड, कारण पंक्चर दाखवता येतं, न झालेली झोप दाखवता येत नाही.

आधी दिल्लीचं सांगतो. पिंपळगाव नाहीतर लासलगावचा कांदा, पावसाळ्याच्या शेवटाला टोमॅटो, जानेवारी लागली की द्राक्षं. भरून निघालं की मालेगाव, धुळे, शिरपूर, बिजासनचा घाट, सेंधवा, इंदूर, मग गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा आणि शेवटी आझादपूर मंडी. गाडी दहा टायर, ड्रायव्हर दोन. माझे उस्ताद मालेगावचे. त्यांच्याकडे पाळी घड्याळावर नव्हती. डोळा चोळायला हात वर गेला की स्टेअरिंग दुसऱ्याचं, हा त्यांचा कायदा. "हाथ आँख पे गया, तो उठ जा," एवढंच बोलायचे. मग पुढचा ढाबा पाच किलोमीटरवर असला तरी पाच किलोमीटरसुद्धा नाही. मी सुरुवातीला वाद घालायचो, तोंडावर पाणी मारतो म्हणायचो. ते म्हणायचे, मार, तोंड ओलं होईल.

जो उठला तो सीटमागच्या फळीवर जायचा. चालत्या गाडीतली झोप काही गादीवरची नव्हे. खड्डा आला की डोकं आपटतं, घाट लागला की अंग एका बाजूला घसरतं. पण सलग चार-पाच तास मिळायचे. इंजिनाचा एकसुरी आवाज कानात बसला की माणूस ढोर होऊन पडतो, आणि गिअर बदलल्याचा आवाज जरा वेगळा आला की आपोआप जाग येते. उस्तादांना माझा चौथा गिअर झोपेतही ओळखू यायचा.

ते काही सोन्याचे दिवस नव्हते. द्राक्षाच्या सीझनला माल 'टाइमाचा' असतो. मंडीत सकाळच्या बोलीला गाडी लागली नाही तर भाड्यातून पैसे कापतात, त्यामुळे रात्र रात्र ताणावी लागायची. माळवा-राजस्थानकडच्या लाइनवरचे काही जण डोडा घ्यायचे, म्हणजे अफूच्या बोंडाचा चुरा. तो घेतलेला माणूस मी जवळून पाहिलाय. त्याची झोप कुठं जात नाही, आपल्याला झोप आलीय हे कळायचं तेवढं बंद होतं. आमच्याकडे तंबाखू-चुना, चहा आणि बडबड. उस्ताद बडबडीत हुशार होते.

मग २०१८ आलं. त्या वर्षी जुलैत सरकारनं ट्रकचं पासिंग वाढवलं, दहा टायरचं गाडीसकट वजन पंचवीस टनांवरून साडेअठ्ठावीस टनांवर गेलं. आणि त्याच वर्षी, नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर पाहिजेत हा नियमही काढून टाकला. आधी तरी तो कितीजण पाळत होते म्हणा. पण नियम होता तोवर मालकाला दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार द्यायला काहीतरी निमित्त होतं. एकाच वर्षात गाडीवर साडेतीन टन चढले आणि एक माणूस उतरला. उस्ताद त्याच सुमाराला घरी बसले, मी एकटा आझादपूर करायला लागलो. दोन-तीन सीझन केलं. मग कळंबोलीतल्या एका ओळखीच्यानं ट्रेलरवर बोलावलं आणि मी बंदराकडे आलो.

जाता जाता एक गंमत. ई-वे बिल असतं ना, मालाबरोबर फिरणारं, त्याला मुदत असते. १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस. ताज्या फळ-भाजीला हे बिल लागत नाही, पण दुसरा माल असला तर पिंपळगाव ते आझादपूरएवढ्या अंतराला सरकार सात दिवस देतं. पार्टी, म्हणजे माल पाठवणारा, देते दोन. माझ्या झोपेचा खरा विचार या देशात फक्त जीएसटी खात्यानं केलाय, आणि तोही चुकून.

आता बंदराची फेरी कशी असते ते सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढं सरकावं.

फोन येतो, रिकामा डबा उचल. डबा म्हणजे कंटेनर, वीस फुटी नाहीतर चाळीस फुटी. द्रोणागिरीकडे रिकाम्या डब्यांची यार्डं आहेत, तिथं रांग. डबा चढला, तो ट्रेलरला पक्का धरणारे ट्विस्ट लॉक लावले, की पळस्पे फाटा, एक्सप्रेस वे, बोरघाट चढून तळेगाव, चाकण. कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाला कागद घेतो आणि म्हणतो, गाडी साइडला लावा, बोलावतो. हे 'बोलावतो' तीन तासांनी येतं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. आत डॉकवर लागलं की माल भरून सील होईपर्यंत आणखी काही तास. भरलेला डबा घेऊन पुन्हा घाट उतरायचा, गव्हाण फाटा, करळ फाटा, बंदराच्या पार्किंग प्लाझात कस्टमच्या कागदांची वाट बघायची, फॉर्म थर्टीन, म्हणजे डबा आत न्यायचा कागद, हातात आला की टर्मिनलच्या गेटची रांग, आत यार्डात क्रेनची रांग. डबा उतरला की बाहेर. बाहेर पडेस्तोवर फोन: रिकामा डबा उचल.

यात चालवणं किती? सगळं मिळून पाच-सहा तास, ट्रॅफिक लागली तर सात. बाकी सगळा काळ गाडी उभी. ऑफिसच्या हिशोबात गाडी उभी म्हणजे ड्रायव्हर आरामात.

ही उभी गाडी म्हणजे काय चीज असते, ते बाहेरच्याला कळत नाही. रांग सरकत असते. पाच मिनिटांत एक गाडी, मग वीस मिनिटं काही नाही, मग एकदम चार गाड्या. पुढच्यानं हँडब्रेक सोडला की हवेचा फुस्स असा आवाज येतो, पाठोपाठ मागचे लाल दिवे विझतात. ते विझल्यापासून अर्ध्या मिनिटात तुम्ही पुढं सरकला नाहीत तर शेजारून एखादा घोडा तोंड घालतो आणि तुमचा नंबर गेला. (घोडा म्हणजे ट्रेलर ओढणारं पुढचं इंजिन. जनावर मध्ये घुसलं तर निदान कुणी हाकललं असतं.) म्हणून झोपायचं ते बसूनच. एक हात स्टेअरिंगच्या आतून घालून त्यावर कपाळ टेकायचं, खिडकीची काच चार बोटं उघडी ठेवायची, म्हणजे तो फुस्स कानावर येतो. रांगेत मुरलेला ड्रायव्हर त्या आवाजाला डोळे न उघडता किल्ली फिरवतो. मी पाहिलंय, गाडी दोन लांबी पुढं जाते, हँडब्रेक ओढला जातो, आणि माणसाला सकाळी विचारलं तर यातलं काही आठवत नाही.

उरणकडे खाडी आणि खारफुटी, त्यामुळे डासांचं काही विचारू नका. काच उघडी ठेवली तर डास, बंद केली तर घाम आणि फुस्स ऐकू येत नाही. मग डॅशबोर्डवर अगरबत्तीची कॉइल लावायची आणि त्या धुरात बसायचं. २०२५ पासून बनणाऱ्या नव्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झालीय, चांगलं झालं. आमच्या घोड्याला अजून पंखासुद्धा मीच बसवलाय. पहाटे तीनच्या सुमाराला सायकलवर थर्मास घेऊन एक पोरगा येतो. चहा विकतो आणि ज्याची गाडी मागं राहिलीय त्याच्या दारावर थाप मारतो. थापेचे पैसे घेत नाही, पण थाप मारली की चहा घ्यावा लागतो.

झोप उडवायला आणखी दोन गोष्टी आहेत. एक, डिझेल. यार्डाच्या बाहेर रस्त्याकडेला गाडी लावून गाढ झोपलात तर टाकीतून पन्नास-साठ लिटर कधी गेलं कळत नाही, आणि ते भरायचं ड्रायव्हरनं. त्यामुळे अर्धा कान टाकीकडे. दुसरी गोष्ट जीपीएस. ऑफिसातल्या पोराच्या स्क्रीनवर गाडी थांबली की रंग बदलतो. रंग बदलला की त्याला फोन करायचाच असतो, त्याची तीच नोकरी. "काका, गाडी का थांबलीय?" अरे बाळा, रांग आहे. अर्ध्या तासानं पुन्हा. "काका, अजून तिथंच?" पोरगा नम्र आहे, त्याच्यावर राग नाही. पण ज्या यंत्राला माझी गाडी किती वाजून किती मिनिटांनी कुठं होती हे सगळं माहीत आहे, त्याच्यावरून मी शेवटचा कधी झोपलो हेही निघू शकतं. ते बघायला कुणी ठेवलेला नाही.

अशी रात्र काढली की पहाटे गेट मिळतं, डबा उतरतो, आणि मग फेरीतला खरा चालवायचा भाग सुरू होतो. बोरघाट. रिकामा डबा वर किंवा भरलेला डबा खाली. वेळ पहाटे चारची.

घाटात पुढची गाडी झोपलीय हे मागच्याला आधी कळतं. तिचे मागचे दिवे हळूहळू डावीकडे सरकायला लागतात, एकसारखे, कुठली घाई नाही. मग टायर कडेच्या पट्ट्यावर जातात, घरघर होते, गाडी झटका खाऊन सरळ होते. थोडं अंतर बरं जातं. पुन्हा डावीकडे. अशा वेळी ओव्हरटेक करायचं नाही, तो तुमच्यावर येईल. मागं राहून डिपर मारायचे आणि हॉर्न धरून ठेवायचा, तो जागा झाला की हात बाहेर काढून दाखवतो. काही जण मागच्या दारावर मालकाचा मोबाइल नंबर रंगवतात. एकदा तो नंबर लावला तर मालक झोपेत होता, "कुठली गाडी?" विचारायला लागला.

लोक म्हणतात, झोप आली तर गाडी बाजूला घ्यावी. कुठं? एक्सप्रेस वेच्या कडेला थांबलं तर चलन, आणि मागून कुणी येऊन धडकलं तर आयुष्यभराचं. फूड मॉलची ट्रकची जागा रात्री दहालाच भरलेली असते. खालापूर टोल गेला की तुम्ही पुढं पळस्प्यापर्यंत जागेच राहिलं पाहिजे, असा सगळा बेत आहे.

माझी लेक नगरला लॉ करते. (जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, तोंडात अजून नगरच येतं.) सुट्टीत तिनं मोबाइलवर कायदा काढला. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१. म्हणाली, "पप्पा, तुम्हाला दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासच काम आहे. लांब पल्ल्याला फार तर दहा आणि चोपन्न. पाच तासांनी अर्धा तास विश्रांती. आजची ड्युटी संपून उद्याची सुरू होईपर्यंत सलग नऊ तास रिकामे." मी म्हटलं, कुणाला? ती म्हणाली तुम्हाला. मग तिनंच खाली वाचलं: पाच किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला. आमच्या लाइनला बहुतेक मालकांकडे एक-दोन गाड्या. ज्यांच्याकडे जास्त आहेत त्यांच्या गाड्या भावाच्या, बायकोच्या, मेहुण्याच्या नावावर. हा कायदा आता २०२० च्या नव्या श्रम संहितेत विरघळलाय. आमच्या रांगेला त्याचा काही पत्ता नाही.

पण मला खरी मौज वाटली ती त्या कायद्यातल्या कामाच्या तासांच्या व्याख्येची. गाडी चालण्याचा वेळ धरतात, तिच्या अनुषंगानं केलेलं काम धरतात, आणि टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा वेळ धरतात. कधी? तो पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर. लेकीनं दोनदा वाचलं. पप्पा, नुसतं हजर राहणं म्हणजे काय तेही दिलंय: हाक आली तर ओ द्यायला आपल्या जागेवर थांबून राहणं. म्हटलं, हीच तर माझी नोकरी आहे. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर एसटी स्टँड असणार, बाकावर बसून विडी ओढणारा ड्रायव्हर असणार. करळ फाट्याची रांग नसणार. पण पंधराव्या मिनिटानंतर माझं थांबणं काम म्हणून मोजायचं नाही, ही रीत तिथूनच आलीय की काय असं वाटून गेलं.

दिल्ली लाइनला एक सरदार ओळखीचा झाला होता, जालंधरकडचा. तो आता कॅनडात ट्रक चालवतो. व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतो, वाऱ्याचा आवाज जास्त आणि त्याचा कमी. तिथं गाडीतच यंत्र आहे, तास मोजणारं. दिवसाला चालवणं तेरा तास, ड्युटी चौदा, आणि सलग आठ तास सुट्टी. तेरा तासही कमी नाहीत, तो काही स्वर्गात गेलेला नाही. पण माल भरायला-उतरवायला जे थांबायचं, ते तिथं ड्युटीत धरतात. गोदामवाल्यानं सहा तास उभं केलं तर त्याचे ते सहा तास गेले, आणि त्यामुळे मालक गोदामवाल्याशी भांडतो. इथं गोदामवाल्यानं सहा तास उभं केलं तर ते माझ्या झोपेतून जातात, आणि झोपेसाठी कुणी कुणाशी भांडत नाही. युरोपात तर नियम आणखी कडक आहेत म्हणे: साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचं, दिवसाला नऊ तास.

दारूचं बघा. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर सापडली की आपल्याकडे गुन्हा. ३१ डिसेंबरला खोपोलीपासून पळस्प्यापर्यंत पोलीस नळी घेऊन उभे असतात. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ मध्ये माणसांना जागं ठेवून आणि दारू पाजून दोन्ही प्रकारे तपासलं. सतरा तास जागलेल्याचा हात आणि नजर पन्नास मिलिग्रॅमवाल्याइतकी ढिली पडलेली, चोवीस तासांनी शंभरवाल्याइतकी. म्हणजे पहाटे पाचला उठलेला माणूस रात्री दहाला आपल्या कायद्याच्या हद्दीबाहेर गेला, एक थेंब न पिता. रांगेतून पहाटे सुटलेल्या कुणालाही नळी लावा, शून्य येईल. आणि तो घाट उतरायला मोकळा.

अपघात झाला की पोलीस लिहितात, 'हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात'. हे वाक्य इतकं पाठ झालंय की आता वाचावंही लागत नाही. ड्रायव्हर किती तास जागा होता, हा रकाना त्यात नाही. दिल्लीहून दरवर्षी अपघातांचा अहवाल निघतो, त्यातही नाही. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, त्यातली शंभरातली एकाहत्तर अतिवेगामुळे, असं तो अहवाल म्हणतो. बाकी दारू, चुकीची बाजू, सिग्नल, मोबाइल, आणि 'इतर'. झोपलेल्या माणसाचा पाय ॲक्सिलरेटरवर जड होतो, गाडी वेग घेते, मग तो अतिवेगात धरला जातो. जे काही उरतं ते 'इतर'मध्ये.

नितीन गडकरी यावर बोलत आलेत, हे मान्य करायला पाहिजे. २०२१ मध्ये म्हणाले, विमानाच्या पायलटसारखे ट्रक ड्रायव्हरचे तास ठरवा आणि केबिनमध्ये डुलकी ओळखणारा सेन्सर लावा. सेन्सर लावा, माझी हरकत नाही. सेन्सर वाजेल, मी जागा होईन, आणि पुढचा ट्रक ले-बायचा, म्हणजे ट्रक कडेला लावायच्या जागेचा बोर्ड अजून चाळीस किलोमीटरवर असेल. सेन्सर वाजायच्या आधीचे वीस तास कुणाचे, हे सेन्सरला विचारता येत नाही.

आणि आमच्या लोकांबद्दल पण बोलतो, नाहीतर एकतर्फी होईल. १ जानेवारी २०२४ ला आम्ही देशभर स्टेअरिंग सोडलं. मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोतून टँकर निघाले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी गावोगावच्या पंपांवर मोटारसायकलींच्या रांगा लागल्या. कशासाठी? अपघात करून पळालं तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं नव्या न्याय संहितेतलं कलम आलं होतं म्हणून. सरकार दोन दिवसांत बोलणीला आलं, आणि १ जुलैला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. म्हणजे आमचं ऐकलं जातं. पण त्या दोन दिवसांत आमच्या ग्रुपवर आलेले शेकडो मेसेज मी वाचले, झोपेचा, तासांचा एक नव्हता. अपघात झाल्यावर काय, याच्यावर सगळे पेटलेले. त्याच्या आदल्या रात्रीचं कुणाला पडलेलं नाही.

त्याचं कारणही मला माहीत आहे. पैसे फेरीवर आहेत. पगार नावाला, कमाई भत्त्याची. उद्या कुणी तास बांधून दिले तर फेऱ्या कमी होतील, आणि पहिला विरोध आमच्यातूनच येईल. घराचा हप्ता असलेला तरणा पोरगा म्हणेल, मला नाही झोपायचं, तुम्हाला काय करायचंय? मध्यंतरी कळंबोलीला आरोग्य शिबिर होतं. डोळे तपासले, साखर, बीपी. डॉक्टर बाई चांगल्या होत्या, झोप किती होते म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कागदावर बीपीच्या गोळीखाली लिहिलं, 'पुरेशी झोप घ्यावी'. मेडिकलवाल्याला कागद दाखवला, म्हटलं हे दुसरं पण द्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की तास बांधायचे असतील तर ते स्टेअरिंगपासून नाही, गेटपासून बांधायला सुरुवात करा. गेटच्या स्लिपवर आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ छापूनच येते, नवीन काही बसवायला नको. ठरलेल्या वेळेच्या वर गाडी उभी ठेवली की पार्टीला हॉल्टिंग लागतं. ते पार्टी देते, निदान कधीतरी देते, आणि ते मालकाच्या खिशात जातं. मी शेठला म्हटलं, हॉल्टिंगमधला निम्मा वाटा ड्रायव्हरचा धरा. शेठ हसले, म्हणाले, मग तू मुद्दाम रांगेत झोपशील. म्हटलं, शेठ, रांगेतच झोपू द्या. घाटात नको.

त्यांनी विषय बदलला. पण परवा नवीन टायर द्यायचे होते ते लगेच दिले, हेही लिहायला पाहिजे.

सध्या आम्ही तिघांनी आपापसांत एक सोय केलीय. एक मी, एक पाटोद्याचा, एक जामखेडचा. रांगेत एकामागोमाग लागायचं बघतो. दोघांनी किल्ल्या तिसऱ्याकडे द्यायच्या आणि केबिनमागं सरळ आडवं व्हायचं, फोन बंद. तिसरा खाली उतरून तिन्ही गाड्या एकेक करून पुढं घेतो. दोन तासांनी पाळी बदलते. मालकाला कळलं तर चालायचं नाही, दुसऱ्याच्या हातात गाडी देणं विम्यातही बसत नसावं, म्हणून कोण कुठल्या मालकाचा हे लिहिलेलं नाही. जामखेडचा गाडी फार चिकटवून लावतो, त्याच्यावर जरा लक्ष ठेवावं लागतं. आणि गेट दोन गाड्यांवर आलं की झोपलेल्याला उठवायचंच, कारण पासवर फोटो ज्याचा त्याचा असतो आणि गेटवाला तोंड बघून आत सोडतो.